पत्त्याखालची लाल रेघ

मी लाल रेघ बोलतेय. म्हणजे म्हणायचं आपलं तसं, कारण बोलता येत नाही हेच तर माझं रडगाणं. मोबाइलवरच्या अर्जात चूक झाली की त्या रकान्याखाली उमटायचं, एवढंच माझं काम.

हिंजवडीतल्या आयटी कंपनीत अर्ज बनवणाऱ्या अजिंक्यने मला बनवलं, कॅब गाठायच्या घाईत. सोबत चूक सांगणारा एक शब्दही दिला नाही. "लाल दिसलं की कळतंय राव," असं शेजाऱ्याला म्हणाला. मलाही ते पटलं होतं, खोटं कशाला बोलू?

चाकणच्या एका कंपनीच्या अर्जावर मी लागले. टेलिफोन ऑपरेटरची एकच जागा, मुदत संध्याकाळी पाचपर्यंत. महाळुंग्याची आम्रपाली साडेचारला अर्ज भरायला बसली. तिला दिसत नाही. मोबाइल पडद्यावरचं वाचून दाखवतो आणि ती भराभर टाइप करते. दोन वर्षं ती अशा जागेची वाट बघत होती.

पत्त्यात तिने गट नंबर लिहिला, २१२/१. इकडच्या गावांतले पत्ते असेच असतात. पण मधली तिरकी रेघ अजिंक्यच्या अर्जाला चालत नव्हती. तिने 'अर्ज पाठवा' दाबलं. मी उमटले. मोबाइल गप्प.

तिने पुन्हा दाबलं. "नेट गेलं का काय," म्हणत दारापर्यंत जाऊन आली. सगळे रकाने पहिल्यापासून ऐकले. मोबाइलने पत्ता जसाच्या तसा वाचला, माझं नावसुद्धा घेतलं नाही. मी जीव तोडून लाल होत होते, पण उपयोग काय?

पाचला चार मिनिटं असताना शेजारच्या कुशाबाई आल्या. त्यांना लिहिता-वाचता येत नाही.

"आज्जी, पडद्यावर काही वेगळं दिसतंय का?"

"लाल रेघ हाय की गं." त्यांनी तिचं बोट धरून माझ्यावर टेकवलं. मोबाइल म्हणाला, "पत्ता."

आम्रपालीने पिनकोड काढून पुन्हा घातला. "गेली का?"

"न्हाई."

स्वल्पविराम काढला.

"हाय अजून."

मग तिने तिरकी रेघ पुसली.

"गेली बघ."

तिने घाईने बटण दाबलं. इतका वेळ मुका बसलेला अर्ज आता खणखणीत बोलला, "अर्ज करण्याची मुदत संपली आहे."

"काय म्हनला गं?"

आम्रपालीने मोबाइल उपडा ठेवला. "उशीर केला म्हणतोय, आज्जी."

मुदत संपल्याचं सांगायला अजिंक्यने शब्द दिले होते. मला नाही. अजिंक्य, हात जोडते बाबा, कुठे आणि काय चुकलं ते सांगणारे दोन शब्द मला दे, कानाला ऐकू येतील असे. नाहीतर ती तिरकी रेघ चालवून घे, म्हणजे मला उमटायलाच नको.

सोमवारी त्याच अर्जावर नवी जागा निघतेय. मी अजून तशीच आहे.