उस्ता वहबाचं नाक आणि माझी निळी किनार

मी एक जुनी, आतून उजळणारी पाटी आहे, मित्रांनो. अलेक्झांड्रियात समुद्राच्या बाजूला डॉक्टर सफीनाझबाईंचं औषधांचं दुकान आहे, त्याच्या दारावर मी चौदा वर्षं टांगलेली आहे. रंग पिवळट झालाय माझा, पण कडेची निळी प्लॅस्टिकची किनार बघा. कुठे नख तरी शिरतंय का? तिचीच गोष्ट सांगते.

मला घडवलं उस्ता वहबानं. कसबी कारागिराला आमच्याकडे उस्ता म्हणतात. नवी शीट आली की तो तिची कड कानशीनं घासायचा आणि भुसा चिमटीत धरून हुंगायचा. गोडसर वास आला तर ॲक्रिलिक, नाही आला तर पॉलिकार्बोनेट. ॲक्रिलिकला पाण्यासारखं पातळ रसायन लावलं की कडा विरघळून एकजीव होतात. पॉलिकार्बोनेटला तेच लावलं तर बारीक बारीक तडे जातात. मी पॉलिकार्बोनेट. उस्तानं मला हुंगलं, मान डोलावली आणि म्हणाला, "ॲक्रिलिक!" अहो, मी नव्हे ती! पण पाटीला कुठे तोंड असतं? त्यानं तेच रसायन लावून किनार चिकटवून टाकली.

पंधरा दिवस लोकांनी माना वर करकरून कौतुक केलं. मीही फुशारले, खोटं कशाला बोलू? मग समुद्रावरून जोराचा वारा सुटला. कडा आतून तडकलेल्याच होत्या. हातभर किनार निसटली आणि पडली ती थेट खाली, दुकानासमोर गाडी लावणाऱ्या शेहाताकाकांच्या वालाच्या उसळीच्या हंड्यात.

"या मंडळी, या!" शेहाताकाका ओरडले. "आज उसळीला प्लॅस्टिकची फोडणी आहे!"

सगळा रस्ता हसला. सफीनाझबाई मात्र हसल्या नाहीत. "उद्या कुणाच्या डोक्यात पडली म्हणजे? उस्ता, एकदाच सांगते. पुन्हा सुटली तर मी दुसरा माणूस बघेन, आणि साऱ्या बाजाराला सांगेन की वहबाला आता घरी बसवा."

मला उतरवून कारखान्यात नेलं. उस्ताची मुलगी देम्याना त्याच्याच हाताखाली तयार झालेली. तिनं माझी कड घासून हुंगली. वासाचा पत्ताच नाही. तिनं बापाकडे एकदा बघितलं, मग आत जाऊन आली आणि बंद मूठ त्याच्या नाकाशी धरली.

"बाबा, हा भुसा कसला?"

"गोडसर आहे. ॲक्रिलिकच. बापाची परीक्षा घेतेस होय गं?"

तिनं मूठ उघडली. आत ठेचलेला लसूण होता.

उस्तानं कानस बाजूला सारली. "तीन वर्षं झाली," तो म्हणाला. "त्या रसायनाच्या वाफांनीच खाल्लं असेल नाक. लोक म्हणतील वहबा संपला, म्हणून नुसती मान डोलावत राहिलो. दुसरं काय येतं गं मला?"

"एवढं एकट्यानं सोसलंस?" देम्याना रडायलाच लागली. "मी काय मेले होते?"

माझी तडकलेली कड त्यांनी कापून टाकली. या खेपेला सिलिकॉन आणलं, वाळल्यावरही रबरासारखं लवचिक राहणारं. उन्हात मी फुगते, गारव्यात आकसते, ते त्याला झेपतं. "आधी तुकड्यावर लाव," उस्ता म्हणाला. तो तुकडा तीन दिवस गच्चीवर उन्हात, खाऱ्या वाऱ्यात ठेवला. चौथ्या दिवशी उस्तानं अंगठ्यानं ओढून पाहिलं. "धरलंय घट्ट. बोटं अजून शाबूत आहेत माझी."

मग माझी पाळी. मी बाकावर वाळत पडले होते, तेव्हा उस्तानं कपाटातून एक शाल काढली. त्याची बायको जाऊन दोन वर्षं झाली होती.

"देम्याना, हिला तुझ्या आईचा वास आहे का गं अजून?"

तिनं शालीत तोंड खुपसलं. "आहे बाबा. साबणाचा, आणि संत्र्याच्या सालीचा."

"हो, साली वाळवायची ती," उस्ता म्हणाला, आणि शाल मांडीवर घेऊन बसून राहिला.

मला परत टांगलं त्या दिवशी त्यानं भर रस्त्यात सांगून टाकलं, "बाई, माझं नाक गेलंय. यापुढे वास माझी ही पोर घेईल, चिकटवीन मी." शेहाताकाका हसले नाहीत. सफीनाझबाईंनी माझी किनार ओढून पाहिली, आणि धाकट्या भावाच्या दुकानाची पाटीसुद्धा त्यालाच सांगितली.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ अधूनमधून पुसत जा. काही चिकटवायच्या आधी ते कशाचं आहे हे नीट बघा. आणि तुमच्या घरातलं एखादं म्हातारं माणूस सगळ्याला नुसतीच मान डोलावत असेल, तर त्याच्याजवळ जाऊन बसा. ते आपणहून सांगणार नाही. तुम्हीच विचारा.