अर्ध्या थर्मासातला गहवा

साठ छोटे कप, एकालाही कान नाही.

हिरव्या झाकणावर करवतीच्या दात्याचा ओरखडा.

"नागेश आत, सफूरा बाहेर. पक्की बातमी."

वेलदोड्याचा वास.

दाराची एक वाकडी चौकट.

कॉफी न पिणारा सुतार नववा कप पुढे करतो.

मित्रांनो, हे सगळे तुकडे माझ्याच आयुष्यातले आहेत. ते आधी सांडून घेतले, कारण सरळ रांगेत सांगणे मला जमत नाही. माझ्यातून जे बाहेर येते ते कपाकपानेच येते. मी एक जुना थर्मास आहे. तीन लिटरचा, पोटात काच, कमरेला पोचा. जेद्दा शहरातल्या शराफिया वस्तीत, सिराजुद्दीन यांच्या खानावळीत माझा मुक्काम असतो. सध्या माझी जागा गल्ल्याशेजारच्या फळीवर आहे आणि जेवायला येणारे माझ्याकडे बोट दाखवून म्हणतात, "हाच तो." ते ऐकले की रिकामा असलो तरी मला बुचापर्यंत ऊब येते.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. माझ्या काचेच्या दोन भिंतींमध्ये काहीच नाही, हवासुद्धा नाही, आणि त्या काहीच नसण्यामुळे आतले गरम राहते, एवढे मला माहीत आहे. पहिली स्वच्छ आठवण केरूच्या हाताची आहे. केरू चिपळूणकडचा शटरिंगचा सुतार. किंग अब्दुल्ला इकॉनॉमिक सिटीचे बांधकाम चालू होते तेव्हा तो तिथल्या कॅम्पमध्ये राहायचा. एका खोलीत आठ माणसे, आणि आठही एकाच वेळी बोलणारी. कोणाला सुट्टी हवी, कोणाचे मेसच्या डाळीशी भांडण, कोणाच्या मुलीचे लग्न. कोणाचेच कोणाला ऐकू येत नसे.

एका शुक्रवारी केरूने मला उचलले आणि बजावले, "आजपासून जो चहा ओतेल तोच बोलेल. बाकीच्यांनी प्यायचं. थर्मास संपला की त्याचं बोलणं संपलं. पुढच्याने भरून आणायचा."

युक्ती एवढीच, की तोंडात गरम चहा असला की माणसाला मध्ये बोलता येत नाही. पण त्या दिवसापासून खोलीतले आठ जण एकमेकांना ओळखू लागले. माझ्या झाकणावरचा ओरखडा तेव्हाचाच. केरूची करवत घसरली होती. त्याने करवतीलाच शिव्या घातल्या, मला नाही.

पुढे जेद्दातल्या कोकणवासी मंडळाचे लोक आरोग्य शिबिरासाठी कॅम्पवर आले. त्यांच्यात सफूराबाई होत्या. मूळच्या रत्नागिरीच्या, इथल्या भारतीय शाळेत अकरावी-बारावीला अर्थशास्त्र शिकवणाऱ्या. आमचा नियम पाहून त्या मनापासून हसल्या.

"केरूदादा, हा थर्मास आमच्या मंडळाला द्या हो. आमच्याकडे शिकलेली माणसं आहेत, त्यांना याची जास्त गरज आहे."

केरूने मला तिथल्या तिथे देऊन टाकले. मंडळाच्या सभांत मी पाच वर्षे फिरलो. भित्र्यांनी मला हातात धरून पहिल्यांदा तोंड उघडले, तोंडाळांना मी रिकामा होऊन गप्प केले. एका सभेत तर माझा सत्कार झाला. गळ्यात खऱ्या मोगऱ्याचा गजरा!

मग दीनानाथ अध्यक्ष झाले. माणूस वाईट नव्हता. मोठ्या कंपनीत मॅनेजर, इस्त्रीचा शर्ट, हसरा चेहरा. त्यांनी मंडळाला कॉफीचे यंत्र आणले. बटण दाबले की कागदी पेला भरायचा. प्रत्येक जण आपापली कॉफी घेऊन बसायचा आणि बोलायचे फक्त दीनानाथ. त्यांच्या सल्लागार मंडळात पाच जण होते आणि पाचांनाही मान हलवण्याचा चांगला सराव होता. माझी रवानगी सिराजभाईंच्या खानावळीच्या पोटमाळ्यावर झाली, फाटक्या बॅनरखाली. काच कोरडी पडली. बुचाला धूळ बसली. तीन वर्षे मला कोणी हलवले नाही.

मित्रांनो, पोटमाळ्यावरून दिसत काही नाही, पण ऐकू सगळे येते.

दीनानाथ दुसऱ्यांदा बिनविरोध निवडून आले, तेव्हा खाली खानावळीत एकच विषय होता. नव्या सल्लागार मंडळात कोण? मंडळाचा नियम असा, की पाच सल्लागार अध्यक्षच निवडतात आणि वार्षिक सभेत नावे जाहीर करतात. चर्चा दोन नावांवर अडली होती, कारण दोघेही अर्थशास्त्र शिकलेले आणि दोघांनीही अध्यक्षांना उघड विरोध केलेला. एक सफूराबाई. दुसरे नागेश, रियाधच्या एका सल्लागार कंपनीत नोकरीला.

"नागेश आत, सफूरा बाहेर. पक्की बातमी," मंडळाचे चिटणीस हम्मादभाई मासळीचा काटा काढत म्हणाले. "नागेश फक्त ग्रुपवर भांडतो. समोर आला की गप्प बसतो. असा विरोधक परवडतो."

"तो मेट्रोत बसून लिहितो," कोणीतरी म्हणाले. "स्टेशन आलं की मत बदलतो."

"माझ्या बिर्याणीपेक्षा तुमच्या याद्याच जास्त शिजतायत," सिराजभाई ओरडले. "यल्ला, उठा, मागे लोक उभे आहेत."

मला हसू आले. पण कोपऱ्यातल्या टेबलावरून ओळखीचा आवाज आला आणि माझी काच थरथरली. तो केरूचा आवाज होता.

"सिराजभाई, बाई सल्लागार झाल्या नाहीत तर माझं खलास आहे."

गोष्ट अशी होती. केरूच्या कंपनीने सुतारांना कौशल्याची परीक्षा द्यायला सांगितली होती. कॉम्प्युटरवर, इंग्रजीतून प्रश्न. तीस वर्षे ज्याने ओळंबा धरला, त्याला पडद्यावर ओळंब्याचे इंग्रजी नाव ओळखता आले नाही. केरू नापास झाला. दुसरी संधी तीन महिन्यांनी होती. तीही गेली तर इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, पुढे वाढणार नव्हता आणि केरूला घरी परतावे लागणार होते. असे मंडळात त्रेचाळीस जण होते. त्यांच्यासाठी मंडळाने दर शुक्रवारी वर्ग चालवावा, एवढेच सफूराबाईंचे म्हणणे होते. पण मंडळाची सगळी शिल्लक दीनानाथांनी रत्नागिरीतल्या समारंभाच्या हॉलसाठी राखून ठेवली होती. आदल्या वर्षी बाई भर सभेत म्हणाल्या होत्या, "साहेब, हॉल जरूर बांधा. पण नवरदेवाचा बाप नोकरी घालवून घरी बसला, तर त्या हॉलमध्ये लग्न कोण लावणार?" तेव्हापासून हम्मादभाईंनी त्यांना बोलायची पाळीच येऊ दिली नव्हती.

हे ऐकून मी पोटमाळ्यावर तळमळलो. पण थर्मास आपणहून खाली उतरू शकत नाही. मला खाली उतरवले ते हम्मादभाईंनीच!

वार्षिक सभा शहराबाहेरच्या इस्तिराह्यात होती. इस्तिराहा म्हणजे उंच भिंतींच्या आत लॉन आणि बैठकीची खोली असलेले भाड्याचे विश्रांतीघर. त्याचे मालक अबू सालेह हे वयस्कर सौदी गृहस्थ पाहुणे म्हणून येणार होते. त्यांच्यासमोर रुबाब दिसावा म्हणून हम्मादभाईंनी चहा रद्द करून गहवा ठरवला. गहवा म्हणजे वेलदोडा घातलेली फिकट अरबी कॉफी. ती काही यंत्रातून येत नाही. थर्मास हवाच. सिराजभाईंनी मला बॅनरखालून ओढून काढले, मिठाच्या पाण्याने धुतले, उन्हात उपडे ठेवले. तीन वर्षांनी ऊन! मी भांडे असूनही मला रडू फुटले असते.

सभेच्या दिवशी दुपारी सफूराबाईंनी हम्मादभाईंना गाठले. "मला बोलायचंय. पाच मिनिटं."

"बोला की," हम्मादभाई गोड हसले. "जुन्या नियमाने बोला. थर्मास घ्या. संपेपर्यंत बोला."

बाई वळल्या तसे ते सिराजभाईंच्या कानाशी लागले. "अर्धाच भर. साठ माणसं आहेत. एका फेरीत खडखडाट."

सिराजभाईंनी माझ्याकडे पाहिले, मग हम्मादभाईंकडे. "अर्धा? बरं. अर्धाच भरतो."

भरताना ते स्वतःशीच गुणगुणत होते.

आता मित्रांनो, हम्मादभाई वीस वर्षे या देशात राहिले, पण चहाच्याच हिशेबाने. चहाचा पेला काठोकाठ भरतात. गहव्याचा कप चिमुकला, आणि तोही तळापुरताच भरायचा, जेमतेम एक छोटा घोट. भरलेला कप म्हणजे पाहुण्याला 'आता उठा' म्हटल्यासारखे. आणि पाहुणा आपला कप हातात हलवत नाही तोवर ओतणाऱ्याने थांबायचे नसते.

सफूराबाई उभ्या राहिल्या. डाव्या हातात मी, उजव्या हातात कप. पहिला कप अबू सालेहना, दुसरा दीनानाथांना. आणि बोलणे सुरू झाले. त्रेचाळीस नावे त्यांना तोंडपाठ होती. एक नाव, एक कप. हा वेल्डर, हा गवंडी, हा इलेक्ट्रिशियन, ह्याची परीक्षा अमुक तारखेला. पहिली फेरी संपली आणि मी अजून जड होतो. हम्मादभाईंनी घड्याळ पाहिले.

दुसऱ्या फेरीत बाई केरूपाशी आल्या. "केरूदादा, ही खोली कशी बांधलीय?"

केरू चाचरला. साठ माणसांसमोर तो कधी बोलला नव्हता. मग सवयीने त्याचा डोळा भिंतीवरून फिरला. "खोली चांगली आहे, बाई. पण ती दाराची चौकट डावीकडे अर्धा इंच झुकलीय. दार अडकत असणार."

"ओळंबा लावला का तुम्ही?"

"ओळंबा कशाला? दिसतंय की!"

सिराजभाईंनी ते अबू सालेहना अरबीत सांगितले. म्हातारबाबा उठले, दाराजवळ गेले, दार ओढले. ते अडकले. दुसऱ्यांदा ओढले, पुन्हा अडकले. आणि ते मोठ्याने हसू लागले. आठ वर्षांत तीन कारागीर येऊन गेले होते आणि प्रत्येकाने दारच तासले होते. चौकटीकडे कोणी पाहिलेच नव्हते!

"हा माणूस नापास झालाय," सफूराबाई शांतपणे म्हणाल्या. "याला सुतारकी शिकवायची नाही. याला पडद्यावरचे दोनशे शब्द शिकवायचे आहेत. आठ शुक्रवार. एक खोली, तीन कॉम्प्युटर. मी शिकवीन. साहेब, हॉलच्या विटा एक वर्ष थांबतील. ही माणसं थांबू शकत नाहीत."

"अहो, हा थर्मास संपत कसा नाही?" हम्मादभाई ओरडले.

"गहवा आहे, हम्मादभाई," सिराजभाई म्हणाले. "कप हलवेपर्यंत ओतायचा असतो. तुम्हीच मागवलात!"

हम्मादभाईंनी आपला कप असा हलवला, असा हलवला, की थेंब त्यांच्याच सदऱ्यावर उडाले. पण आमच्यातले ते एकटेच. अबू सालेहनी रीतीप्रमाणे तिसऱ्या कपानंतर हलवला. आमच्या लोकांना तीनची रीत ठाऊकच नव्हती. त्यांना एवढेच कळले, की कप पुढे केला की बाई बोलत राहतात. मग एकामागून एक हात पुढे आले. तेल लागलेले, सिमेंटने फाटलेले, घड्याळवाले, अंगठीवाले. केरूला गहव्याचा वासही सोसत नाही. त्याने नववा कप पुढे केला आणि औषधासारखा डोळे मिटून घेतला.

तेवढ्यात मागून रियाधचे नागेश उठले. त्यांचे कान लाल झाले होते. "बाई, एक कप मला ओतू द्या." त्यांनी मला दोन्ही हातांत धरले. "मी ग्रुपवर पानंच्या पानं लिहिली. समोर कधी बोललो नाही. आज बोलतो. बाईंचं गणित बरोबर आहे. रियाधकडच्या सभासदांसाठी तिथला वर्ग मी चालवीन."

माझ्यात शेवटचा घोट उरला होता. तो दीनानाथांच्या कपात पडला. सगळी खोली त्या कपाकडे पाहत होती. त्यांनी कप हलवला नाही. ते प्यायले आणि रिकामा कप पुन्हा पुढे केला.

"संपला, साहेब," सफूराबाई म्हणाल्या.

"मग भरून आणा," दीनानाथ म्हणाले. "पहिल्या खेपेला मी पाच होयबा घेतले. तीन वर्षांत मला एकानेही सांगितलं नाही की चौकट वाकडी आहे. सल्लागार मंडळात पहिलं नाव सफूराबाई. दुसरं नागेश. हॉल पुढच्या वर्षी."

मित्रांनो, त्यानंतर जो आवाज उठला तो मी कधी विसरणार नाही. टाळ्या, शिट्ट्या, कोणी जेवणाच्या थाळ्या बडवल्या. केरूने मला डोक्यावर घेतले आणि लॉनभोवती तीन फेऱ्या मारल्या. आणि चौथीत माझा हात धरून सोबत कोण धावत होते? हम्मादभाई! "अरे, मीच तर अर्धा भरायला सांगितला होता!" ते ओरडत होते, आणि लोक त्यांनाही खांद्यावर घेत होते.

आता मी दर शुक्रवारी वर्गाच्या टेबलावर असतो. कॉफीचे यंत्रही आहे. आमचे भांडण नाही. ते तहान भागवते, मी पाळी देतो.

तुमच्या घरीही माझ्यासारखे कोणीतरी माळ्यावर पडलेले असेल. त्याला खाली काढा. बूच उघडे ठेवून वाळवा, नाहीतर आत कुबट वास धरतो. आपटू नका, काच आत असते आणि फुटलेली बाहेरून दिसत नाही. आणि आतून जे गरम येईल ते गरमच असू द्या. चटका बसतो म्हणून ज्याचे तोंड तुम्ही घट्ट बंद कराल, त्याच्यात काय होते ते तुम्हाला कधीच कळणार नाही.

दुसऱ्या परीक्षेत केरूला शंभरपैकी एक्याण्णव गुण मिळाले.