उकळलेली कात्री

रोहिणखेडच्या शाळेत सुइणींचा वर्ग भरे, तेव्हा वच्छलाबाईची जागा ओसरीवर, खिडकीखाली असे. ती महारवाड्यातली. तिला आत घेतले तर शालूबाई आणि तिच्या बरोबरीच्या बाया उठून जातील आणि वर्गच मोडेल, असा तालुक्याहून येणाऱ्या डॉक्टर सरनाईकांचा युक्तिवाद होता. तो पुरता खोटा नव्हता. म्हणूनच त्याला उत्तर देणे अवघड होते. डॉक्टर खिडकीकडे तोंड करून मोठ्याने शिकवीत आणि आपण सर्वांना सारखेच ज्ञान देतो, असे मनापासून मानीत.

परंतु खिडकीतून आवाज बाहेर येतो, हात येत नाहीत. बोलून झाले की डॉक्टर कोपऱ्यातल्या चुलीवर कात्री उकळायला लावून कापडी बाहुलीवर नाळ बांधण्याचा आणि कापण्याचा सराव प्रत्येकीकडून करवून घेत. बाहुली आणि कात्री हाताळण्याचा क्रम जातीने ठरलेला होता: आधी शालूबाई आणि इतर कुणबी बाया, मग न्हाव्याची गीताबाई, मग इमामबी आणि सर्वांच्या शेवटी वच्छलाबाई. तिचा क्रम येण्यापूर्वीच डॉक्टरांची बैलांची दमणी जुंपलेली असे.

आज वर्गाचा शेवटचा दिवस होता आणि घरी सून आशाबाईचे दिवस भरले होते. तिची आधीची दोन्ही बाळे वच्छलाबाईच्याच हातांवर जन्मली आणि आठवड्याच्या आत धनुर्वाताने ताठ होऊन गेली. नाळ कापणाऱ्या हत्यारातूनच हा रोग शिरतो, असे डॉक्टरांनी सांगितले, तेव्हापासून तिला स्वतःच्या हातांकडे पाहवत नव्हते.

आत शालूबाईचे काम संपता संपेना. इमामबी कंटाळून म्हणाली, "उरक वं शालूबाई. बाहुलीचं लगन लावाचं हाय का आज?"

सगळ्या हसल्या. गीताबाईचे झाले, इमामबीचे झाले, आणि बाहेर बैलांच्या गळ्यातली घुंगरे वाजू लागली. डॉक्टरांनी पेटी ओढली, तशी वच्छलाबाई उंबऱ्याशी येऊन उभी राहिली.

"सायेब, माहा नंबर राह्यला."

"बाई, आतल्यांना जे सांगितलं तेच तुम्हाला सांगितलं. एक शब्द कमी नाही."

"आयकलं ना, सायेब. पण सुनंचं बाळ मले कानानं नाही, हातानं झेलाचं हाय."

उत्तराची वाट न पाहता तिने उंबरा ओलांडला. शालूबाई शांतपणे उठली, "चला वं, झाला वर्ग," म्हणाली आणि तिच्यामागून बाया एकेक करून मागल्या दाराने निघून गेल्या. इमामबी मात्र हलली नाही. तिला पाहायचे होते, एवढेच तिने सांगितले.

वच्छलाबाईने हात धुतले. चुलीवरच्या पातेल्यातून चिमट्याने कात्री काढली, हातात धरली आणि जन्मभराच्या सवयीने, भांडे पुसावे तशी, वर्गासाठी मुद्दाम धुऊन नेसलेल्या लुगड्याच्या पदराला तिची पाती पुसू लागली.

डॉक्टरांनी झटकन तिचे मनगट धरले.

ते आपल्याच हाताकडे पाहत राहिले. शिवल्याचा त्यांना पश्चात्ताप झाला असेल, असे वाटून ती भीतीने गोठली. पण ते पुटपुटले ते वेगळेच. "हे मी बोललोच नाही. प्रत्येकीनं पुसली. प्रत्येकीचा हात धरला. तोंडानं कधी सांगितलंच नाही."

मग त्यांनी सांगितले: पदर कितीही धुतलेला असो, उकळलेल्या पात्यांना तो लागता कामा नये.

वच्छलाबाईच्या ध्यानात आले. आज ती तशीच घरी परतली असती, तर कात्री सांगितला तेवढा वेळ उकळली असती, आणि अखेरीस तीच पदराला पुसून नातवाच्या नाळेवर ठेवली असती.

"पुन्हा," डॉक्टर म्हणाले. कात्री पाण्यात गेली. विस्तव विझत आला होता. इमामबी फुंकर घालू लागली. दमणीवाल्याने दोनदा हाक मारली, डॉक्टरांनी ओ दिली नाही. वच्छलाबाई ओले हात अंगापासून दूर धरून पाण्याकडे पाहत होती आणि घरून कोणी बोलवायला येते की काय म्हणून कानोसा घेत होती.

पाणी खदखदले. तिने कात्री काढली. हात पदराकडे वळला आणि अधांतरी थांबला. पात्यांवरून पाणी निथळत होते.

"आता कुठं ठेवू, सायेब?"

"कुठंच नाही. तशीच बाळाकडे चला."

ती बाहुलीवर वाकली. डॉक्टरांनी या वेळी तिचा हात धरला नाही.