पाहुण्याचं पाणी

मित्रांनो, मी साखऱ्याजवळच्या तांड्याचा जुना पाझर तलाव आहे. फार थकलो आहे. तलावाला तसंही पडल्या पडल्याच बोलावं लागतं, तेव्हा जरा जवळ बसून ऐका.

बहात्तरच्या दुष्काळात याच तांड्यातल्या माणसांनी मला खोदलं. पाळीवर माती टाकणाऱ्यांत नवी नवरी जिवनबाई होती. पुढं कितीतरी वर्षं मी गुरं पाजली, पोरांना पोहायला शिकवलं. "तळं हाय म्हणून तांडा हाय," असं म्हातारे म्हणायचे आणि मला बरं वाटायचं.

मग सोयाबीन आलं, त्याच्यामागं खताची पोती. पावसात शेतातलं खत वाहून माझ्याकडं यायचं. वर खताची रिकामी पोती, म्हणजे चुंगड्याही बाया माझ्यातच धुवायच्या, कारण त्या उसवून, जोडून शेंगा वाळवायला छान ताडपत्री व्हायची. मी काय बोलणार? पण पीक कोणतं, शेवाळ कोणतं, हे खताला कळत नाही. ते माझ्यातही जोमानं राबलं. मी हिरवागार झालो, वास मारू लागलो. मासे उलटे होऊन तरंगले. तांड्याला प्यायला दुसरं पाणी नव्हतं. जिवनबाईची नात शिला माझंच पाणी पिऊन सारखी आजारी पडू लागली. त्याचं मला फार वाईट वाटतं.

दोन हजार तीनच्या उन्हाळ्यात तांड्यानं हातपंप मागितला. माझं पाणी तपासणीत खराब निघालं तरच तो मिळणार होता. पाण्याचा नमुना न्यायला साहेब जीपमधून आले, काठावरचा चिखल पाहून थबकले. "मावशी, एवढी पाण्यानं भरून आणा," म्हणत त्यांनी बाटली जिवनबाईच्या हाती दिली आणि स्वतः लिंबाखाली बसले.

वरच्या नाल्याच्या वाळूत एक झिरा आहे. सकाळभर थांबलं तर त्यात तांब्याभर पाणी जमतं. ते तांड्यात फक्त पाहुण्याला देतात. जिवनबाईनं बाटली बाहेरून राखेनं घासली आणि झिऱ्याचं पाणी दुहेरी फडक्यातून गाळून भरलं.

काही दिवसांनी निकाल आला. पाणी सगळ्या मानकांत बसलं होतं. हातपंप नामंजूर झाला.

जिवनबाईचा नवरा प्रेमदास पाळीवर येऊन तिच्यावर चिडला. "झिऱ्याचं काहून दिलं? तळ्याचं द्यायचं व्हतं!"

"साहेब पाव्हणा व्हता. पाव्हण्याच्या हातात हिरवं पाणी कसं देऊ? तांड्याचं नाक कापलं असतं." मग ती रडू लागली. "अन् लेकराला मातर रोज तेच पाजून राहिले मी."

मित्रांनो, चुंगड्या माझ्यात धुऊ नका, खत बांधावरच अडवा. पाहुण्याला गोड पाणी जरूर द्या, पण तपासणाऱ्याला खरं पाणी द्या. माझी लाज झाकू नका.

दुसऱ्या दिवशी जिवनबाईनं पुन्हा तपासणीसाठी माझ्यातून बाटली भरली, न गाळता. तालुक्याला, सेनगावला जाणाऱ्या जीपमध्ये बसताना तिनं ती पदराखाली घेतली होती. पण जीप सुटायच्या आत तिनंच पदर बाजूला केला.