लाल रेषेच्या आत

दोघी जावांनी अबोला धरून बरेच महिने झाले होते, आणि तो मोडायची दोघींपैकी एकीचीही तयारी नव्हती. कारण विचाराल तर सांगायला लाज वाटावी असं होतं. घरातल्या सगळ्यांचा एकत्र फोटो निघाला, थोरलीने तो स्वतःच्या हाताने फ्रेम केला, भिंतीवर टांगला, आणि पाहतात तर धाकटी गायब. फोटोत ती अगदी कडेला उभी होती. फोटोभोवती जाड कागदाचा माउंट लावतात, त्याच्याखाली ती गेली होती. बाहेर राहिलं होतं फक्त कोपर. "हे कोपर कुणाचं?" धाकटीने विचारलं. "माउंट त्याच मापाचा होता," थोरली म्हणाली. झालं, तेवढ्यावर तोंडं फिरली.

आता हा अबोला घरापुरता असता तर निभावला असता. स्वयंपाकघरं दोन होती, जिनेही दोन होते. पण दोघींचं काम एकाच खोलीत चालायचं. तळमजल्यावर सासऱ्यांची फ्रेम बनवायची कार्यशाळा होती. सासरे गेले, दोघींच्या नवऱ्यांनी लाकडाच्या भुशाला नाकं मुरडून नोकऱ्या धरल्या, आणि धंदा पडला सुनांच्या गळ्यात. सुनांनी तो नवऱ्यांच्या नाकावर टिच्चून चालवला. थोरली पट्ट्या कापायची. धाकटी कोपरे जोडायची, काच बसवायची आणि मागून खिळे मारायची.

कापायचं काम मायटर सॉवर. लोखंडी टेबलावर बसवलेली मशीन, वरचं हँडल धरून पातं खाली आणायचं, पंचेचाळीस अंशांत फिरवलं की फ्रेमचा कोपरा तिरका कापला जातो. पातं जेवणाच्या ताटाएवढं. लाकूड आणि बोट यांतला फरक तिला कळत नाही, असं सासरे म्हणायचे, आणि यात त्यांची मशीनबद्दल काही तक्रार नसायची. तिला कशाला कळायला हवा, तुम्हाला कळला म्हणजे पुरे, असा त्यांचा हिशेब.

म्हणून त्यांनी नियम घालून दिले होते, आणि सुनांना ते पाठ होते. अंगठी काढून ठेवायची, बाह्या कोपराच्या वर, केस टोपीत, डोळ्यांवर चष्मा. हातमोजे मात्र अजिबात नाहीत. नवख्याला वाटतं मोज्याने हात वाचेल, पण पातं मोज्याचा दोरा धरतं आणि मोज्यासकट हात ओढून नेतं. पातं पूर्ण वेगात आल्याशिवाय लाकडाला टेकवायचं नाही, आणि कापून झाल्यावर पूर्ण थांबल्याशिवाय वर उचलायचं नाही. पात्याच्या दोन्ही बाजूंना तीन बोटांच्या अंतरावर सासऱ्यांनी लाल रंगाची एकेक रेष ओढली होती, त्या रेषेच्या आत हात न्यायचा नाही. आणि सगळ्यांच्या वरचा नियम असा, की मशीनवरच्या माणसाने बटण दाबायच्या आधी विचारायचं, "हात?" पट्टीचं दुसरं टोक धरणाऱ्याने नीट बघून सांगायचं, "बाहेर." उत्तर आल्याशिवाय बटण दाबायचं नाही.

अबोल्यात हीच एक अडचण होती. दोघींनी ती न ठरवताच सोडवली. मशीनचं बोलणं हे बोलणं धरायचंच नाही. त्यामुळे दिवसभर त्या खोलीत "हात?" "बाहेर." "हात?" "बाहेर." एवढंच ऐकू यायचं. बाकी काही सांगायचं झालं तर ते छताच्या पंख्याला सांगितलं जायचं. "काच संपत आलीय," असं थोरली पंख्याकडे बघून म्हणायची आणि दुसऱ्या दिवशी काच आलेली असायची. पंखा फार कामाचा निघाला.

थोरलीच्या डाव्या हाताचं काहीतरी बिनसलंय, हे धाकटीच्या लक्षात आलं ते हिवाळ्यात. सरस गरम करायचं भांडं शेगडीवरून नुकतंच उतरवलं होतं आणि थोरली त्याला डावा हात टेकवून गिऱ्हाइकाशी पट्टीच्या रंगावरून वाद घालत उभी राहिली. वाद बराच वेळ चालला. हात तिथेच होता. संध्याकाळी करंगळीवर टरटरून फोड आलेला धाकटीने पाहिला. पुढे एकदा कापलेल्या पट्टीवर रक्ताचे डाग पडले. थोरलीने ते फडक्याने पुसले आणि हे रक्त कुणाचं, अशा चेहऱ्याने पंख्याकडे पाहिलं. रक्त तिच्या करंगळीचं होतं. लाकडाचं चांगलं लांब कुसळ सकाळपासून आत रुतून बसलं होतं, आणि बाईंना पत्ता नाही. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, दोन्ही बोटांतलं कळणं गेलं होतं. आणि लाकूड धरायचा हात तोच.

मशीनबरोबर लाकूड आवळून धरायला शिकंजा आला होता. तो लावला असता तर पट्टीजवळ हात न्यायची गरजच नव्हती. पण थोरलीने तो कधीच काढून फडताळात टाकला होता. सोनेरी पट्टीवर त्याचे वळ उठतात, हे सांगायचं कारण. खरं कारण हे की शिकंजा ही शिकाऊंची वस्तू, आणि थोरली काही शिकाऊ नव्हती.

धाकटीने नवऱ्याच्या कानावर घातलं.

"मग सांग की तिला," नवरा म्हणाला.

"कसं सांगू? बोलणं नाही आमचं."

"मी सांगतो वहिनीला."

"तुम्ही सांगितलंत तर म्हणतील, हिनेच पढवून पाठवलं."

"मग काय करणार आहेस?"

"बघते."

नवऱ्याने यावर मान डोलावली आणि टीव्हीचा आवाज वाढवला. त्याच्या परीने विषय मिटला होता.

पण धाकटीचं खरं दुखणं तिने नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. तिला मशीन हवी होती. सासऱ्यांनी दोघींनाही शिकवलं होतं, आणि धाकटीचा कोपरा असा बसायचा की जोडाची रेष बोटाला लागायची नाही. सासऱ्यांनी तो उजेडात धरून पाहिला होता, "वा" म्हणाले होते, आणि मशीन थोरलीला दिली होती, कारण थोरली ती थोरली. तेव्हापासून धाकटी खिळे मारत होती. आता तिने नुसतं तोंड उघडलं असतं, की जाऊबाई, तुमचा हात बघा, तर अख्खं घर म्हणालं असतं, बघा, मशीनवर डोळा होता. आणि होताच की. खोटं असतं तर तिने दोन खणखणीत उत्तरं दिली असती. खरं होतं म्हणून ती मूग गिळून बसली होती. एखाद्या दिवशी थोरली आपणहून म्हणेल, आता नाही जमत गं, आणि आपण जरा नको नको म्हणून मग हो म्हणू, इथवर तिने मनात रंगवून ठेवलं होतं. तोवर डोळ्यांत तेल घालून ती त्या हाताकडे बघायची. प्रत्येक "बाहेर" म्हणायच्या आधी दोनदा बघायची.

असं चाललं असताना एक फोटोग्राफर आला. त्याचं दुसऱ्या दिवशी प्रदर्शन होतं आणि त्याचे सगळे फोटो लहान, तळहाताएवढे. लहान फ्रेमला लहान पट्टी लागते, आणि पट्टी जितकी लहान तितका हात पात्याजवळ जातो. शिकंज्याचंच काम होतं ते. फोटोग्राफर दाराजवळच्या स्टुलावर बसून राहिला, कारण फ्रेमा घेतल्याशिवाय जायचंच नाही असं तो ठरवून आला होता.

थोरलीने पट्टी लावली, डाव्या हाताने धरली, उजवा हात हँडलवर ठेवला.

"हात?"

धाकटीने पाहिलं. अंगठा आणि पुढची दोन बोटं लाल रेषेच्या बाहेर होती. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मात्र पसरून रेषेच्या आत गेली होती, पात्याच्या अगदी खाली, उन्हात पहुडल्यासारखी.

"बाहेर" म्हणता येईना. दुसरं काही म्हणायचं तर तो मशीनचा शब्द नव्हता, ते बोलणं झालं असतं. ती गप्प राहिली. उत्तर नाही तर बटण नाही, एवढ्या भरवशावर ती पट्टीचं टोक धरून उभी राहिली. वेडेपणाच होता तो. पण महिनोन्‌महिने धरलेला अबोला सोडायचा कसा, तेच माणूस विसरतं.

"हात?" थोरलीने पुन्हा विचारलं.

उत्तर नाही.

"मशीन बिघडली का?" फोटोग्राफरने विचारलं.

"मशीन ठीक आहे," थोरली म्हणाली. "यांना विचारा, आज तोंडाला काय झालंय."

"तोंडाला काय झालंय, असं विचारतायत," फोटोग्राफर म्हणाला. दोघी एकमेकींपासून एका पट्टीच्या अंतरावर उभ्या होत्या.

"ऐकलं मी. त्यांना म्हणावं, एवढी घाई कसली आहे."

"घाई माझी आहे," फोटोग्राफर म्हणाला. "उद्या प्रदर्शन आहे."

थोरलीने त्याच्याकडे पाहिलं, मग पंख्याकडे. सासऱ्यांच्या माघारी तिने एकही नियम मोडला नव्हता आणि ते ती चारचौघांत सांगायची. पण गिऱ्हाइकासमोर आपली धाकटी जाऊ आपल्याला ताटकळत ठेवते, हे तिच्या डोक्यात गेलं.

"द्यायचं नसेल तर नका देऊ उत्तर," ती पंख्याला म्हणाली. "मला माझे हात कळतात." आणि तिने बोट बटणावर ठेवलं.

"आत," धाकटी म्हणाली.

हा शब्द त्या खोलीत कधी उच्चारलाच गेला नव्हता. सासऱ्यांच्या काळातही नाही, कारण तशी वेळच कुणी आणली नव्हती. थोरलीचं बोट बटणावरून निघालं. तिने आधी रागाने धाकटीकडे पाहिलं, मग धाकटी जिथे बघत होती तिथे पाहिलं.

ती बराच वेळ बघत राहिली. तिने त्या दोन बोटांना बाहेर यायला सांगितलं असावं, कारण तिच्या कपाळावर आठ्या पडल्या. बोटं जरा थरथरली आणि तिथेच राहिली. मग तिने सगळा हातच उचलून छातीशी धरला.

"तुम्ही उद्या सकाळी या," ती फोटोग्राफरला म्हणाली.

"अहो, पण प्रदर्शन..."

"सकाळी लवकर या. फ्रेमा मिळतील."

तो उठला. दारात थांबून त्याने दोघींकडे एकदा पाहिलं, आणि आता निरोप्याची गरज नाही हे कळून निघून गेला.

थोरलीने मशीनचा प्लग काढला, चष्मा काढला आणि त्याच्याच स्टुलावर बसली.

"बोटं तिथे गेली होती हे मला कळलंच नाही," ती म्हणाली. या वेळी ती पंख्याकडे बघत नव्हती.

"माहीत आहे मला."

"कधीपासून?"

"सरसाच्या भांड्याने पोळलं तुम्हाला, तेव्हापासून."

"तो तर हिवाळा होता."

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"अबोला होता," धाकटी म्हणाली.

थोरलीने यावर विचार केला. तो रीतसर धरलेला अबोला होता, हे तिला नाकारता येईना.

"माझ्याशी होता," ती म्हणाली. "बोटांशी कशाला धरायचा?"

धाकटीच्या डोळ्यांत पाणी आलं. इतका वेळ हातात धरलेलं पट्टीचं टोक तिने खाली ठेवलं. आता झालंच आहे बोलणं सुरू, तर अर्धं कशाला पोटात ठेवायचं, असं तिला वाटलं.

"तेवढंच नव्हतं, जाऊबाई. मला मशीन हवी होती. मी बोलले तर लोक म्हणतील, मशीनसाठी बोलली. म्हणून म्हटलं, थांबावं. तुम्ही आपणहून सोडाल."

"बोटं गेल्यावर सोडलीच असती," थोरली म्हणाली.

ती रागाने बोलली नव्हती. नुसतं कसं झालं असतं ते सांगत होती, आणि म्हणूनच धाकटीला ते ऐकवेना. ती भिंतीला टेकून हुंदके देऊन रडली. थोरलीने तिला थांबवलं नाही. ती मांडीवरचा डावा हात उलटसुलट करून बघत राहिली.

"मीही सांगितलं नाही कुणाला," थोरली जरा वेळाने म्हणाली. "ह्यांनाही नाही. म्हटलं, कळलं तर मशीन जाईल. मशीन गेली की मग मी कोण? वर बसून भाजी निवडणारी म्हातारी. फार भीती वाटते गं मला त्याची. पात्याची नाही वाटत तेवढी."

धाकटी डोळे पुसत तिच्यासमोर येऊन जमिनीवर बसली. थोरलीने डावा हात पुढे केला, एखादी बिघडलेली वस्तू दुरुस्तीला द्यावी तसा. फोडाचा डाग अजून होता. धाकटीने ती दोन बोटं मुठीत धरली. गार होती. तिने हळू दाबली, मग जोराने दाबली.

"कळतंय का काही?"

"नाही," थोरली म्हणाली. "पण सोडू नकोस एवढ्यात."