दहा कोडी नि सात

माझ्या हातून सरकारी कागदावर आयुष्यात एकच खोटं गेलं, आणि तेही क्रिकेटमुळे. मला क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नाही, हे आधीच सांगून ठेवते.

ऐंशी साल उलटून पाच-सहा वर्षं झाली होती. मी, दमयंती सावे, एका योजनेत फिरती शिक्षिका होते. ज्या मुलांना नीट ऐकू येत नाही त्यांच्या गावी जायचं आणि त्यांना बोलायला शिकवायचं, हे माझं काम. राहायला मी उमरोळीला. दर मंगळवारी गाडीने बोईसर आणि तिथून एसटीने घिवली. खांद्यावरच्या पिशवीत आरसा, डफ, मोराचं पीस आणि कार्यालयाने दिलेली चित्रांची पेटी. पेटीत टांगा, राजवाडा, सफरचंद आणि बर्फावरून घसरणारी मुलं. ही चित्रं ज्याने निवडली त्याला मला एकदा घिवलीच्या किनाऱ्यावर आणून उन्हात उभं करायचं होतं.

घिवलीत माझी एकच विद्यार्थिनी होती, चंद्रकांता. नऊ वर्षांची, चुणचुणीत डोळ्यांची आणि हट्टी. तिसऱ्या वर्षी मोठा ताप आला आणि कान गेले. अगदी ठार बहिरी नव्हती. भिंतीपलीकडून कोणी बोलावं तेवढं तिला ऐकू येई. तोंडात जुने चार-सहा शब्द उरले होते आणि उरली होती मोजणी. तिची आई वत्सला सुके बोंबील मोजताना मोठ्याने मोजायची आणि एकेक मासळी लेकीच्या हातात द्यायची. वीस झाले की एक कोडी. त्यामुळे चंद्रकांताला शंभर ठाऊक नव्हते, पाच कोडी ठाऊक होत्या.

नोव्हेंबरात तिला कानाचं मशीन मिळालं. काड्यापेटीहून थोडी मोठी डबी, ती कापडी पिशवीत घालून छातीवर बांधायची, आणि तिच्यातून निघालेली तार कानात. ते सहा महिन्यांच्या बोलीवर उसनं होतं. एप्रिलमध्ये साहेब येऊन परीक्षा घेणार. मूल मशीन लावून ऐकतंय असं दिसलं तर मशीन कायमचं तिचं, नाहीतर यादीतल्या पुढच्या मुलाचं. मी हे वत्सलाला नीट समजावलं आणि तिथेच घोटाळा झाला. उसनी वस्तू म्हटल्यावर ती बाई मशीन जिवापाड जपू लागली.

म्हणजे काय, तर लग्नातल्या लुगड्याच्या घडीत, लोखंडी पेटीत, कुलपाआड. मंगळवारी मी यायच्या आधी तासभर ते बाहेर निघे आणि मी गेले की परत आत. हे मला कळलं जानेवारीत.

"अहो, कान काय फक्त मंगळवारी असतात का?" मी ओरडले.

"बाय, रोज वापरून झिजंल ना," वत्सला म्हणाली. "खारी हवा हाय. सायबानं मागला तं कोरा करकरीत परत द्यावा नको?"

मी डोक्याला हात लावला. मशीन परत द्यायला लागू नये म्हणून वापरायचं, हे तिच्या गळी काही केल्या उतरेना. आणि चंद्रकांतालाही त्याचं प्रेम नव्हतं. मशीनमधून तिला वारा, भांडी आणि कोंबड्या ऐकू येत. माणसं तिच्याशी बोलतच नव्हती. सहा वर्षांत सगळ्या गावाला सवय झाली होती, तिला हाताने बोलवायचं, हाताने हाकलायचं. मी 'प' म्हणायला शिकवावं, तर ती मोराच्या पिसावर चूल फुंकावी तशी फुंकर मारी आणि पीस माझ्या नाकात जाई.

जानेवारीतच मशीनची तार तुटली. मायलेकींना घेऊन मी बोईसरला गेले, रेडिओ दुरुस्तीवाल्याकडून नवी तार बसवून घेतली आणि आम्ही एसटी स्टँडवर थांबलो. शेजारी कारखान्यातला एक कामगार डबा घेऊन उभा होता. त्याने चंद्रकांताच्या कानातली तार पाहिली, छातीवरची डबी पाहिली आणि खाली वाकून विचारलं, "बेटी, स्कोर क्या हुआ?"

मी सांगणार होते की बाबा रे, हा ट्रान्झिस्टर नाही. पण चंद्रकांता त्याच्या तोंडाकडे एकटक पाहत होती. घिवलीच्या नाक्यावर नामदेवची चहाची टपरी आहे. तिथे रेडिओभोवती गर्दी होते, येणारा जाणारा भुवया उडवून काहीतरी विचारतो आणि आतले आकडा सांगतात, एवढं तिने पाहून ठेवलं होतं. तिने क्षणभर विचार केला आणि ठणकावून म्हणाली, "पाच कोडी नि तीन!"

"क्या?"

तो माझ्याकडे बघायला लागला. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "एकशे तीन."

"वा! आउट कितने?"

त्याने बोट वर केलं होतं. चंद्रकांताने दोन बोटं दाखवली. तो खूश होऊन पलीकडच्या रांगेला बातमी द्यायला धावला आणि ती रांगही खूश झाली.

एसटीत चंद्रकांता माझ्या शेजारी ताठ बसली होती. मला तेव्हा एकदम भरून आलं. तिला आठवत होतं तेव्हापासून पहिल्यांदा कोणीतरी तिला प्रश्न विचारून उत्तरासाठी थांबलं होतं. माझा आरसा, डफ आणि टांगा, सगळं त्या डबेवाल्यापुढे फिकं पडलं.

दुसऱ्या दिवशी तिने पेटीपुढे बसून असा काही आकांत मांडला की वत्सलाने कुलूप काढलं. मशीन लावून ती नाक्यावर जाऊन उभी राहिली. दादू तांडेल, साठीचा नाखवा, होडीवरून येत होता. तिने डबी उंचावून त्याला दाखवली. तो थबकला.

"काय गो? मॅच लावलीस काय? किती झाले?"

"चार कोडी!"

झालं. त्या दिवसापासून घिवलीत दोन रेडिओ झाले. नामदेवच्या रेडिओवर आपण धडाधड आउट व्हायचो, चंद्रकांताच्या रेडिओवर कधीच हरलो नाही. जाळं विणणारे विचारायचे, पाणी भरायला निघालेल्या बाया विचारायच्या. प्रश्नही वाढले. कोण खेळतो? पडला काय? जेवायला गेले काय? ती डबी समोरच्याच्या तोंडापुढे धरायची, ऐकायची आणि ठोकून द्यायची. एकदा तिने एका ओव्हरमध्ये तीन कोडी धावा दिल्या आणि नामदेवने फुकट चहा पाजला.

मी दोन वेळा नाक्यावर उभं राहून गावाला समजावलं की हे ऐकायचं मशीन आहे, ह्यातून मॅच येत नाही. सगळ्यांनी समजूतदारपणे माना डोलावल्या. माझी पाठ वळताच दादूचा आवाज आला, "गो चंदे, किती झाले?" मी हात टेकले.

एप्रिलच्या पहिल्या मंगळवारी ठाण्याहून साहेब आले. कमलाकांत देवस्थळी, पांढरा शर्ट, बगलेत जाड रजिस्टर. माणूस वाईट नव्हता, नियमाचा होता. शाळेच्या खोलीत चंद्रकांताला त्यांनी खिडकीकडे पाठ करून बसवलं. ओठ वाचता येऊ नयेत म्हणून रजिस्टर तोंडापुढे धरलं आणि त्याच्या आडून म्हणाले, "टांगा."

चंद्रकांता गप्प.

"राजवाडा. सफरचंद."

ती माझ्याकडे बघू लागली. घाबरली होती. मला वाटलं ते रजिस्टर ओढून घ्यावं आणि खिडकीबाहेर फेकावं. दाराशी वत्सला कोऱ्या करकरीत पुसलेल्या मशीनच्या रिकाम्या खोक्यासह उभी होती. मशीन परत द्यायची तयारी करूनच आली होती ती. साहेबांनी उसासा टाकला आणि पेनाचं टोपण काढलं.

तेवढ्यात खिडकीबाहेरून, तिच्या पाठीमागून, दादू चालला होता.

"चंदेऽ, किती झाले गो?"

"दहा कोडी नि सात!" मान न वळवता ती ओरडली. "पाच गेले!"

साहेबांचं पेन तिथेच थांबलं. "हे काय?"

मी जीव मुठीत धरून सगळं सांगितलं. साहेब उठले. तिला अंगणात नेलं, समुद्राकडे तोंड करून उभं केलं आणि स्वतः दहा पावलं मागे गेले. रजिस्टर पुन्हा तोंडावर.

"किती झाले?"

"अकरा कोडी!"

"पण बाई," ते माझ्याकडे वळून म्हणाले, "हा एकच प्रश्न तिला पाठ झाला असेल. ऐकून समजतंय हे कशावरून?"

खरंच, कशावरून? साहेब दोन पावलं पुढे सरकले, थोडा विचार केला आणि तिच्या पाठीमागून सावकाश म्हणाले, "हा रेडिओ नाहीच ना गं?"

चंद्रकांता गर्रकन वळली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. नाक्याकडे एक नजर टाकून ती साहेबांच्या अगदी जवळ गेली आणि तिच्या मते हळू आवाजात म्हणाली, "नाय. पन कुनाला सांगू नको."

साहेबांनी तिथेच, अंगणात उभ्या उभ्या, सही केली. 'कोणत्या शब्दांना प्रतिसाद दिला' ह्या रकान्यात त्यांच्या सांगण्यावरून मी लिहिलं: टांगा, राजवाडा, सफरचंद. तेच ते माझं खोटं. धावसंख्येसाठी फॉर्मात रकाना नव्हता. वत्सलाला मशीन आता तुमचंच म्हणून सांगितलं, तर तिने खोकं छातीशी धरलं आणि रडायलाच लागली. मीही रडले.

साहेबांना एसटीवर सोडायला आम्ही नाक्यावर आलो. गाडीत चढता चढता ते म्हणाले, "बाई, एक विचारू? आज मॅच कुठली चालू आहे? शेवटची मॅच संपून महिना झाला."

एसटी गेली. मी तशीच टपरीकडे वळले. दादू आणि नामदेव चहा पीत बसले होते.

"महिनाभर मॅच नाही," मी म्हणाले, "आणि तुम्ही रोज तिला स्कोर विचारता?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. दादूने कप खाली ठेवला.

"बाय, मशीन कसला हाय ते तुमी दोनदा सांगितला ना? आमी काय येडे हाव? पयल्या दिवशी फसलो, ता खरा. पन पोर बोलाया लागली. मंग इचारायचा बंद कसा करनार?" मग तो माझ्याकडे वाकला आणि कुजबुजला, "तिला सांगू नका हां."

आता, जन्मभर समुद्रावर ओरडून बोललेल्या माणसाचं कुजबुजणं ते. बसलेली दोन कुत्री उठून गेली.

माझ्या मागे कोणीतरी खिदळलं. चंद्रकांता टपरीच्या खांबाआड उभी होती, छातीवर डबी, कानात तार. आपल्याविषयी आपल्या पाठीमागे बोललेलं तिने जन्मात पहिल्यांदा ऐकलं होतं.

"आयकला मी!" ती ओरडली. "समदा आयकला!"

दादू तांडेल, एवढा मोठा माणूस, पोरासारखा ओशाळला. चंद्रकांता त्याच्यापुढे येऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि डबी त्याच्या तोंडापुढे धरली.

"मंग, इचार ना," ती म्हणाली. "किती झाले?"