रिकामा खण

धुळ्याचा छापखाना १९९९च्या जूनमध्ये बंद झाला तेव्हा झुलाल एक्कावन्न वर्षांचा होता. त्यातली एकतीस वर्षं त्याने उभं राहून शिशाचे खिळे जुळवले होते. लग्नपत्रिका, दुखवट्याचे निरोप, निवडणुकीची पत्रकं, सगळं त्याच्या बोटांखालून गेलेलं. मालकाने ऑफसेट यंत्र घेतलं, खिळे भंगारात तोलून दिले आणि झुलालला नमस्कार करून निरोप दिला. मेहुण्याने त्याच्यासाठी नरडाण्याच्या औद्योगिक वसाहतीत वॉचमनची जागा बघून ठेवली. झुलालने ती घेतली नाही. मरेपर्यंत अक्षरांतच राहायचं, त्यासाठी कॉम्प्युटर शिकायचा, असं त्याने मनाशी ठरवलं होतं, आणि ते बायकोलाही नीट सांगता येत नव्हतं.

"तुमले ह्या वयमा कोण शिकाडी?" भागाबाईने विचारलं. विचारणं सरळ होतं, त्यात टोमणा नव्हता.

शिकवणारी भेटली जळगावात. तिथे तो बहिणीकडे राहिला; तिच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून प्रमिलाताईचं कॉम्प्युटरचं छोटं केंद्र होतं. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरी, खाली दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि टेलिफोन. तिचे वडील भुसावळला रेल्वेत होते. निवृत्तीच्या पैशांतून त्यांनी लेकीला हे केंद्र काढून दिलं. ती बत्तीस वर्षांची, बोलायला कमी. झुलाल पहिल्या दिवशी आला तेव्हा तिने वय विचारलं नाही. टंकलेखन येतं का एवढंच विचारलं. येत नव्हतं. तिने त्याला कोपऱ्यातला कॉम्प्युटर दिला आणि सोमवार ते शनिवार रोज दोन तास बसायला सांगितलं. रविवारी तो एसटीने धुळ्याला जाई.

केंद्राकडे एक मोठं काम होतं. सावद्याच्या केळी व्यापाऱ्यांच्या मंडळाचं इंटरनेटवर एक पान होतं. त्यावर रोजचा केळीचा भाव, मालाची प्रत, वॅगन किती सुटणार, असं लिहिलेलं असे. दिल्ली-कानपूरकडचे दहा-बारा व्यापारी ते बघत. हिंदी अक्षरं समोरच्याच्या कॉम्प्युटरवर उमटतील याची खात्री नसे, म्हणून सगळं इंग्रजीत. सकाळी सावद्याहून फोन आला की प्रमिलाताई पानात आकडे बदलायची, नाशिकच्या नंबरावर टेलिफोनने इंटरनेट जोडून पान वर चढवायची. तोच भाव पानात सात ठिकाणी येई: मथळ्यात, तक्त्यात, खालच्या सूचनेत, आणखी कुठे कुठे. सातही ठिकाणी ती हाताने बदलायची. घाईत एखादी जागा राहून जाई, मग एकाच पानावर दोन भाव दिसत.

झुलाल महिनाभर हे बघत होता. एका सकाळी न राहवून म्हणाला, "ताई, आम्ही लग्नपत्रिकेचा मजकूर बांधूनच ठेवायचो. वधू, वर, तिथी, एवढ्याच जागा मोकळ्या. पत्रिका आली की तेवढेच खिळे बदलायचे. हे सात वेळा कशाला?"

प्रमिलाताईने कीबोर्डवरून हात काढले. असं करता येतं हे तिला माहीत होतं, शिकताना एकदा केलंही होतं. पण रोजच्या धावपळीत पान होतं तसंच चाललं होतं. त्या दिवशी दुपारी तिने ते नव्याने लिहिलं. सगळ्यात वर सहा ओळी. प्रत्येक ओळीत एक नाव आणि त्यापुढे अवतरणचिन्हांत एक मजकूर: भाव, तारीख, प्रत, वॅगन, असं. खाली जिथे जिथे भाव यायचा तिथे आकडा नाही, फक्त ते नाव. पान उघडलं की कॉम्प्युटर स्वतःच वरचा मजकूर खाली सातही जागी भरतो.

"याला व्हेरिएबल म्हणतात, आबा."

"हा तर खिळ्यांच्या पेटीतला खण आहे," झुलाल म्हणाला. "खणावरचं नाव तेच. आतले खिळे बदलायचे."

तिने संध्याकाळी मंडळाच्या चिटणीसांना, देवचंदभाऊंना, फोन करून सांगितलं की पान आता आबा सांभाळतील आणि मंडळाने त्यांचा पगार धरावा. देवचंदभाऊ मोकळेपणाने हसले. खिळे जुळवणारा माणूस आमचा भाव काय जुळवणार, असं म्हणाले. पोळ्याच्या दोन दिवसांत पान कुणी बदललंच नाही आणि कानपूरचा एक व्यापारी जुन्या भावावर अडून बसला, त्याचा राग त्यांच्या मनात ताजा होता. शेवटी महिनाभराची मुदत दिली. एक चूक झाली तरी हिशोब संपला.

अठरा दिवस काहीही बिघडलं नाही. सावद्याचा फोन आला की झुलाल आकडा कागदावर लिहून घेई, मोठ्याने वाचून दाखवी, मग खणात भरी. एकोणिसाव्या दिवशी प्रमिलाताई वडिलांना दवाखान्यात दाखवायला भुसावळला गेली आणि केंद्राची किल्ली त्याच्याकडे राहिली; एरवी संध्याकाळी आवरून कुलूप तीच लावी. काम आटोपलं. निघताना त्याने जे एकतीस वर्षं रोज केलं तेच केलं: सहाही अवतरणचिन्हांमधला मजकूर पुसून जागा मोकळ्या केल्या. पान बदललं की वर चढवायचं, असं ताईने शिकवलं होतं, म्हणून ते त्याने वर चढवलंही. कुलूप लावून घरी गेला आणि शांत झोपला.

सकाळी तो पोचला तेव्हा प्रमिलाताई फोनवर बोलत उभी होती. पडद्यावर पान होतं. भाव रुपये, पुढे काही नाही, प्रतिक्विंटल. वॅगन, पुढे काही नाही. सातही जागा कोऱ्या.

देवचंदभाऊंचा आवाज रिसीव्हरबाहेर ऐकू येत होता. पहाटेपासून दिल्लीचे चार, कानपूरचे दोन फोन आले होते. मंडळ बुडालं की काय, असं एकाने विचारलं होतं. प्रमिलाताई शांतपणे म्हणत होती की चूक तिची आहे, तिने नीट सांगितलं नव्हतं, आबांना बोलू नका.

झुलालला नरडाण्याचं वॉचमनचं फाटक डोळ्यांसमोर दिसलं. ताईने आपल्यासाठी मंडळाचं काम पणाला लावलं होतं. त्याने हात पुढे केला. ती मान हलवून नाही म्हणाली, तरी त्याने रिसीव्हर घेतला.

"देवचंदभाऊ, मी झुलाल. ताईंची चूक नाही. मी रिकामं केलं."

"का? कुणी सांगितलं होतं?"

"कुणी नाही. काम झालं की खिळे खणात परत टाकायचे, ही आमची रीत. मोकळ्या जागांत कालचा मजकूर राहिला तर तो आजच्या छपाईत जातो. एकदा मी वराचं नाव बदललं, तिथी आधीच्या पत्रिकेची तशीच राहिली. शिंदखेड्याचे पाहुणे लग्नाच्या दुसऱ्या दिवशी आले, तेव्हा मांडव उतरवत होते. तेव्हापासून मी काही शिल्लक ठेवत नाही."

पलीकडे देवचंदभाऊ सकाळचे फोन पुन्हा मोजू लागले.

"म्हणजे कोरं दिसलं म्हणून या सहा जणांनी फोन केला," देवचंदभाऊ हळू म्हणाले. "पोळ्याला जुना भाव दिसत होता, तेव्हा एकानेही केला नाही. सगळ्यांनी तो खरा धरला." मग थांबून, "पण असं उघडंनागडं दिसायला नको. काही लिहिता येतं का त्या जागी? बाईंना द्या फोन."

प्रमिलाताईने पाऊण तासात दोन ओळी वाढवल्या. भावाचा खण रिकामा असेल तर पानाने आकड्याच्या जागी सांगायचं: आजचा भाव अजून यायचा आहे, मंडळाला फोन करा. खाली मंडळाचा नंबर. झुलालने खण मोकळा करून पाहिला, भरून पाहिला, पुन्हा मोकळा केला. मग सावद्याचा फोन आला आणि त्याने त्या दिवसाचा भाव भरला.

मुदत संपायच्या आधीच मंडळाने त्याला ठेवून घेतल्याचं कळवलं. रोज संध्याकाळी पान रिकामं करायचं, हे देवचंदभाऊंनी कामाच्या कागदावर पहिल्या क्रमांकाला लिहून पाठवलं होतं. झुलालला प्रमिलाताईला काही सांगायचं होतं, पण चार दिवस जमलं नाही. ती समोर आली की तो आकडेच वाचून दाखवत बसे.

सोमवारी तो धुळ्याहून परतला तो भागाबाईला घेऊनच. तिने फडक्यात कळण्याच्या भाकरी आणि मिरचीचा ठेचा बांधून आणला होता. ते टेबलावर ठेवून तिने पडद्याकडे पाहिलं, नवऱ्याच्या बोटांकडे पाहिलं, मग प्रमिलाताईचा हात दोन्ही हातांत धरला.

"ताई, तू यासले हाकलं नहीं. हाई मी मरेपर्यंत ध्यानमा ठेवसू."

प्रमिलाताई संकोचली. आबांनी मला पान बांधायला शिकवलं, उपकार झालेच असतील तर ते तिकडून इकडे, असं काहीसं ती पुटपुटली.

"तेबी खरं शे," भागाबाई म्हणाली आणि फडकं सोडायला लागली.